स्लॉट कार शर्यतीचा छंद : आज आणि उद्यां

छंदाची चर्चा निघाली कीं वेळेची गोष्ट निघते, पैशाची निघते. जागेची मात्र फारशी निघत नाहीं. वास्तविक मुंबईसारख्या शहरांत कोणता छंद जगेल आणि कोणता मरेल हें पुष्कळ अंशीं जागाच ठरविते. पोस्टाचीं तिकिटें जमविणाऱ्यास एक वही पुरते. बुद्धिबळाचा पट दोघांच्या गुडघ्यांवर मावतो. परंतु ज्या छंदाला घरांतली जमीनच हवी, त्यानें कोठें जावें? मध्य रेल्वेवर चिंचपोकळी आणि परळ यांच्या मध्यें करी रोड हें स्टेशन आहे. त्याच्या भोंवतालच्या वस्तींत हा प्रश्न विचारून पाहण्यासारखा आहे. आणि तो स्लॉट कार शर्यतीसंबंधानें विचारला तर त्या छंदाच्या भवितव्याविषयीं बरेंच कांहीं उलगडतें.

प्रथम ही शर्यत म्हणजे काय तें पाहूं. स्लॉट म्हणजे खांच. टेबलावर किंवा जमिनीवर तुकडे जोडून एक वळणावळणाची वाट तयार करावयाची. त्या वाटेंत समांतर खांचा असतात. प्रत्येक गाडीला एक खांच. खांचेच्या दोन्ही कडांना धातूच्या पट्ट्या बसविलेल्या असतात व त्यांतून सुमारें बारा ते पंधरा व्होल्टचा, म्हणजे हात लागला तरी अपाय न करणारा, विद्युत्प्रवाह सोडलेला असतो. गाडीच्या पुढच्या भागाखालीं एक लहानसें पातें असतें, तें खांचेंत उतरतें. पात्याच्या दोन बाजूंना तांब्याच्या बारीक तारा विणून केलेल्या दोन फिती असतात. त्या पट्ट्यांवर घासत जातात, वीज उचलतात आणि गाडीच्या पोटांतील अंगठ्याएवढ्या मोटरला पोंचवितात. खेळणाऱ्याच्या हातांत पिस्तुलासारखा एक नियंत्रक असतो. त्याचा घोडा जितका दाबावा तितकी वीज अधिक व वेगही अधिक. गाडी वळवावी लागत नाहीं. तें काम खांच करते. मग खेळणाऱ्यानें करावयाचें तें काय?

गाडी खांचेंतून बाहेर पडूं द्यावयाची नाहीं, एवढेंच. पण हें एवढेंच फार कठीण आहे. घरांत खेळल्या जाणाऱ्या गाड्या बहुधा खऱ्या गाडीच्या बत्तिसाव्या हिश्शाच्या असतात. सरळ वाटेवर अशी गाडी सेकंदाला पांच मीटर सहज धांवते. ताशीं अठरा किलोमीटर म्हणजे सायकलीचा वेग. परंतु गाडीच्या आकाराच्या हिशेबानें त्याला बत्तिसांनीं गुणलें तर तो ५७६ किलोमीटर होतो. आतां गाडी लहान झाली म्हणून पृथ्वीचें गुरुत्वाकर्षण कांहीं लहान होत नाहीं, आणि रबराची पकडही त्या प्रमाणांत वाढत नाहीं. म्हणून वळणावर जरा अधिक वेगानें शिरलें कीं मागचीं चाकें बाहेर फेंकलीं जातात, पातें खांचेंतून निसटतें आणि गाडी कपाटाखालीं जाऊन पडते. हें टाळावयाचें तर वळण येण्यापूर्वींच घोडा सोडावा लागतो. चांगल्या नियंत्रकांत घोडा पुरता सोडतांच मोटरचीं दोन टोकें एकमेकांस जोडलीं जातात. फिरती मोटर तेवढ्यापुरती स्वतःच जनित्र बनते आणि तिनें निर्माण केलेली वीज तिलाच अडविते. हाच या गाडीचा ब्रेक. घोडा केव्हां सोडावा आणि वळणाच्या मध्यावरून पुन्हां किती हळूं दाबावा हें बोटाला कळावें लागतें. तबलजीच्या बोटाला जें कळतें तें त्यास कोणी पुस्तकांतून शिकवीत नाहीं. येथेंही तोच प्रकार आहे.

या खेळाचें मूळ आगगाडीच्या खेळण्यांत आहे. विजेवर धांवणाऱ्या लहान आगगाड्या करणाऱ्या लायोनेल या अमेरिकन कंपनीनें १९१२ सालीं खांचेंतून धांवणाऱ्या शर्यतीच्या गाड्या विकावयास काढल्या होत्या. कांहीं वर्षांत त्या मागें पडल्या. आजच्या छंदाचा खरा जनक म्हणजे इंग्लंडांतील मिनिमॉडेल्स या कारखान्याचा मालक फ्रेड फ्रान्सिस. त्यानें १९५२ च्या सुमारास स्कॅलेक्स नांवाच्या, स्प्रिंगच्या यंत्रावर चालणाऱ्या पत्र्याच्या मोटारी बाजारांत आणल्या. त्या खपल्या, परंतु मुलानें गाडी सोडली कीं पुढें ती आपल्या वाटेनें जाणार आणि मुलानें नुसतें पाहात बसावयाचें. फ्रान्सिसनें तें यंत्र काढून तेथें विजेची मोटर बसविली, खालीं खांचेची वाट दिली आणि वेग मुलाच्या हातीं दिला. स्कॅलेक्स आणि इलेक्ट्रिक हे दोन शब्द एकत्र करून स्कॅलेक्सट्रिक हें नांव झालें. १९५७ सालीं हें खेळणें लोकांपुढें आलें, आणि मागणी इतकी आली कीं पुढच्याच वर्षीं फ्रान्सिसनें आपला कारखाना लाइन्स ब्रदर्स या मोठ्या कंपनीस विकून टाकला. त्या कंपनीचा कारभार १९७१ सालीं कोसळला, पण नांव टिकलें; पुढें तें हॉर्नबी या कंपनीकडे आलें. जर्मनींत १९६३ सालीं कॅरेरा हें नांव पुढें आलें, तेंही अद्याप टिकून आहे.

या छंदाची भरभराट आणि पडझड दोन्ही पाहावयाच्या तर अमेरिकेकडे वळावें लागतें. १९६० नंतरच्या पांच-सहा वर्षांत तेथें शहरोशहरीं भाड्याच्या जागेंत सहा-सहा, आठ-आठ खांचांच्या प्रचंड वाटा उभारण्यांत आल्या. तासाचे पैसे द्यावे आणि आपली गाडी धांवडवावी. संध्याकाळीं मुलांची व बापांची सारखीच गर्दी. दशक संपावयाच्या आंत यांतल्या बहुतेक जागांना कुलुपें लागलीं. कारणें अनेक सांगतात. पण त्यांतलें एक फार बोधप्रद आहे. गाड्या वर्षावर्षाला अधिक वेगवान् होत गेल्या. त्या खऱ्या मोटारीसारख्या दिसेनात; चाकें लावलेल्या चपट्या पाचरीसारख्या दिसूं लागल्या. ज्याच्याजवळ महागडी मोटर तो जिंको, आणि नव्यानें आलेल्या मुलाची गाडी पहिल्या फेरींतच मागें राहो, असें झालें. नवा मुलगा दुसऱ्यांदा आला नाहीं. जुने तज्ज्ञ राहिले, परंतु दोन-चार तज्ज्ञांच्या वर्गणींतून दुकानाचें भाडें निघत नाहीं.

घरगुती संचांची गोष्ट निराळी, तरी तींतही असाच एक पेंच आहे. गाडी वारंवार निसटते म्हणून मुलें कंटाळतात, हें पाहून कारखानदारांनीं १९७० च्या दशकापासून गाडीखालीं लोहचुंबक बसविण्यास आरंभ केला. वाटेंतील पट्ट्या पोलादी असल्यानें चुंबक गाडीला खालीं खेंचून धरतो. मग लहान मूलही घोडा पुरता दाबून वळण पार करतें. पहिल्या दिवशीं आनंद होतो. चौथ्या दिवशीं संच पेटींत जातो, कारण करण्यासारखें कांहीं उरलेलें नसतें. ज्यांनीं हा छंद वर्षानुवर्षें चालविला आहे त्यांच्यापैकीं पुष्कळ जण पेटींतून गाडी काढल्यावर प्रथम चुंबक काढून टाकतात, मग चाकें घासून गोल करतात आणि गाडीच्या पोटांत शिशाचे लहान तुकडे चिकटवून तिचा तोल साधतात. या मंडळींचेंच बरोबर आहे. गाडी पडण्याची भीति काढून टाकली कीं शर्यतीचा प्राणच जातो. २००४ सालापासून आलेल्या डिजिटल पद्धतीची सुधारणा मात्र खरी उपयोगाची म्हणावी लागेल. तींत प्रत्येक गाडीला स्वतःचा संकेत असतो, त्यामुळें दोनच खांचांवर सहा गाड्या धांवूं शकतात, खांच बदलून एकमेकींना मागें टाकतात, आणि समोरच्याची वाट अडविण्याचा डावही खेळतां येतो. येथें यंत्रानें बोटाचें काम कमी केलें नाहीं, डोक्याचें वाढविलें.

आतां करी रोड. ज्या रस्त्यावरून स्टेशनला हें नांव पडलें त्याचें आजचें नांव महादेव पालव मार्ग. एका बाजूस लालबाग, दुसऱ्या बाजूस लोअर परळ. गिरण्यांच्या भोंग्यावर जागणारी ही वस्ती. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपानंतर भोंगे एकेक करून बंद झाले, आणि जेथें साचे चालत तेथें आज पन्नास-साठ मजल्यांचे मनोरे आहेत. त्यांच्या पायथ्याशीं जुन्या चाळी अजून आहेत. जवळच ना. म. जोशी मार्गावर बी. डी. डी. चाळी, १९२० नंतरच्या दशकांतल्या, एकेक खोली १६० चौरस फुटांची. पुनर्विकासांत त्याच कुटुंबांना ५०० चौरस फुटांचीं घरें देण्याचें ठरलें आहे.

या खोलींत स्लॉट कारची वाट मावेल काय? हिशेब करून पाहिला तर मौज वाटते. कॅरमच्या बोर्डावरचा खेळण्याचा चौरस सुमारें ७४ सेंटिमीटरांचा असतो. स्कॅलेक्सट्रिकच्या मध्यम वळणाचे तुकडे जोडून केलेलें अर्धवर्तुळ बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत तितकेंच, ७४ सेंटिमीटर, रुंद भरतें. सरळ तुकडा ३५ सेंटिमीटरांचा. दोन्ही बाजूंस दोन-दोन घातले तर एकूण लांबी होते सुमारें १४४. म्हणजे साधी अंडाकृती वाट दोन कॅरम शेजारीं-शेजारीं ठेवावेत एवढ्या जागेंत बसते. तेव्हां चाळीच्या खोलींत जागाच नाहीं असें म्हणतां येत नाहीं. या वस्तींत ज्या घरीं कॅरम नसेल तें घर शोधावेंच लागेल!

तरीही कॅरम येथें रुजला आणि स्लॉट कार रुजली नाहीं, याचें कारण लांबीरुंदींत नाहीं. कॅरम खेळून झाला कीं बोर्ड भिंतीशीं उभा करतात किंवा खिळ्याला टांगतात. सोंगट्यांची डबी फळीवर जाते, आणि त्याच जमिनीवर पानें मांडलीं जातात. स्लॉट कारची वाट मोडावयास आणि पुन्हां जोडावयास वेळ लागतो, आणि प्रत्येक जोडणीनें तुकड्यांचे सांधे सैल होत जातात. सांधा सैल झाला कीं वीज तुटते, गाडी अडखळते. त्यांत मुंबईची हवा. पावसाळ्याचे चार महिने माळ्यावर पडलेल्या पेटींतील पोलादी पट्ट्यांवर गंज चढतो, आणि दिवाळींत पेटी उघडावी तों गाडी जागच्या जागीं गुरगुरत राहते. खरखरीत रबरानें पट्ट्या घासून काढल्या कीं ती धांवते, पण हें सांगणारें कोणी जवळ नसतें. पेटीवर छापलेली सूचना थंड कोरड्या देशांतल्या माणसानें लिहिलेली असते. घरांतलीं माणसें समजतात, खेळणें बिघडलें.

आणखी एक भेद आहे, तो अधिक महत्त्वाचा. कॅरमची भरभराट घराच्या खोलींत झाली नाहीं. ती गॅलरींत, जिन्याखालच्या मोकळ्या जागेंत, मंडळाच्या कार्यालयांत झाली. चौघे खेळतात आणि दहा जण पाहतात. पाहणाऱ्यांतला एक उद्यां खेळावयास बसतो. एकाच्या बोर्डावर साऱ्या मजल्याचा हक्क. स्लॉट कारचा संच मात्र पेटींत बंद होऊन एका मुलाच्या नांवानें घरांत येतो. त्या मुलाचा उत्साह संपला कीं वस्तीचाही संपला. अमेरिकेंत भाड्याच्या जागा बुडाल्या, तरी इंग्लंडांत, जर्मनींत आणि खुद्द अमेरिकेंतही हा छंद आज जेथें जिवंत आहे तेथें तो मंडळांच्या रूपानें जिवंत आहे. एखाद्या सभागृहाच्या मागच्या खोलींत लांकडाची कायमची वाट मांडलेली असते, आठवड्यांतली एक रात्र ठरलेली असते आणि गाड्यांचे नियम सर्वांस सारखे असतात. अमुकच मोटर, अमुकच रबर, चुंबक नाहीं, असा नियम केला कीं पैशाची चुरस थांबते व बोटाची सुरू होते.

महाराष्ट्रांत याच्या अगदीं जवळचें उदाहरण पुण्यास आहे. कोथरूडमध्यें कर्वे रस्त्यालगत जोशी यांचें लघुरेल्वेचें संग्रहालय आहे. भाऊसाहेब जोशी यांनीं आयुष्यभर जोपासलेला लहान आगगाड्यांचा छंद १ एप्रिल १९९८ रोजीं तेथें लोकांसाठीं खुला झाला. रूळ, सिग्नल, स्टेशनें, डोंगर, सारें एका मोठ्या मांडणींत आणि सारें विजेवर चालतें. आगगाडीचा छंद आणि स्लॉट कारचा छंद हीं एकाच घराण्यांतलीं भावंडें. पट्टीवरून वीज उचलावयाची, लहान मोटर फिरवावयाची, हेंच दोहोंचें तंत्र. जोशी यांच्या मांडणीला जें आयुष्य लाभलें तें कायमच्या जागेमुळें लाभलें. ती रोज संध्याकाळीं मोडून पलंगाखालीं ठेवावी लागती तर पुणेकरांच्या मुलांस ती कधींच दिसली नसती. फरक एवढाच कीं आगगाडी पाहावयाची असते, आणि शर्यत पाहणाऱ्याच्या हाताला खाज सुटते.

करी रोड-लालबागला अशी कायमची जागा नवीन नाहीं. गणेश गल्लीचें मंडळ १९२८ पासूनचें, लालबागच्या राजाचें १९३४ पासूनचें. त्यांच्याभोंवतीं गल्लीगल्लींत लहान मंडळें. या भागांतील गणेशोत्सवांत हलत्या देखाव्यांची मोठी परंपरा आहे. राक्षसाचा हात वर जातो, देवाचें चक्र फिरतें, तें पडद्यामागच्या लहानशा मोटरच्या, पट्ट्याच्या आणि दांडीच्या जोरावर. ज्या वस्तींत गिरणीचे फिटर, टर्नर आणि वायरमन घरोघर होते, त्या वस्तीला ही कामें परकीं नव्हतीं. स्लॉट कारला जें कौशल्य लागतें तें हेंच : झाळकाम, दांत्यांची जुळणी, तारेंतला दोष शोधणें. तें कौशल्य जुन्या पिढीबरोबर चाललें आहे, आणि नव्या पिढीला तें हातीं धरावयास निमित्त उरलेलें नाहीं. छंदाच्या भवितव्याचा प्रश्न करी रोडला म्हणून केवळ खेळण्याचा राहात नाहीं. घर १६० चौरस फुटांचें ५०० झालें, हें चांगलेंच झालें. त्याबद्दल कोणी हळहळूं नये. परंतु गॅलरी गेली. नव्या इमारतींत प्रत्येक दार बंद असतें आणि मजल्यावर लिफ्टसमोर उभें राहण्यापुरतीच जागा असते. सोसायटीच्या नकाशांत एक कार्यालय असतें, एखादी व्यायामाची खोलीही असते. तेथें संध्याकाळीं चार मुलें आणि दोन निवृत्त माणसें एकत्र कशासाठीं यावींत, याचें उत्तर नकाशांत नसतें.

या छंदाचा प्रतिस्पर्धी कोण, हें सांगावयास नको. पडद्यावरची शर्यत. संगणकावर किंवा फोनवर मोटार हांकतां येते, जगांतली कोणतीही वाट निवडतां येते, जागा लागत नाहीं, गंज चढत नाहीं. गंमत अशी कीं, सीमाशुल्काच्या जागतिक वर्गीकरणांत स्पर्धेच्या स्वरूपाचे विजेच्या मोटार-शर्यतीचे संच मुलांच्या खेळण्यांच्या सदरांत नाहींत. पत्ते, बिलियर्ड आणि तेच पडद्यावरचे खेळ ज्या सदरांत आहेत त्याच सदरांत त्यांना बसविलें आहे. सरकारी कारकुनाच्या वहींत कां होईना, दोन्ही शेजारीं झाले! पडद्याशीं वेगांत किंवा देखाव्यांत बरोबरी करावयास गेलें तर स्लॉट कार हरणार, यांत शंका नाहीं. तिचें बळ दुसरीकडे आहे. तिची गाडी खरोखर पडते, खरोखर मोडते आणि स्क्रूड्रायव्हरनें उघडतां येते.

आणि त्याच नव्या यंत्रयुगानें तिला मदतही केली आहे. पूर्वीं परदेशी संचांतला एक दांता तुटला कीं गाडी बाद होई. आतां त्रिमितीय छपाईनें गाडीचा सांगाडा, चाकाची कड, पात्याची जागा, हें सर्व घरच्याघरीं छापणारे छंदी जगभर आहेत. फेऱ्या मोजण्यास व वेळ टिपण्यास साधा संगणक पुरतो. वाट तर विकत आणण्याचीही गरज नाहीं. एम. डी. एफ.च्या जाड फळींत सुताराच्या राउटरनें सुमारें तीन मिलीमीटर रुंदीची खांच कोरावी, दोन्ही कडांना तांब्याची चिकटपट्टी लावावी, फळीला खालून-वरून रंग द्यावा म्हणजे पावसाळ्यांत ती फुगत नाहीं. तांबें चुंबकाला दाद देत नाहीं, आणि पोलादासारखें गंजतही नाहीं. काळवंडलें तर फडक्यानें पुसावें. बारा व्होल्टचा वीजपुरवठा आणि नियंत्रकाचे भाग जुन्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे भडकमकर मार्गावर, मिळतात. सुतार, वायरमन आणि रंगारी या तिघांचीं हीं कामें. उत्सवाच्या मांडवासाठीं वस्ती त्यांना दरवर्षीं बोलावतेच. चार खांचांची वाट बिजागरीवर भिंतीला उभी करून ठेवतां येईल अशी केली, तर कॅरमनें जी युक्ति साधली तीच साधते आणि खोली इतर दिवशीं मोकळी राहते.

मंडळांतून चालणाऱ्या शर्यतींत एक प्रघात आहे. चार गाड्या धांवत असतांना प्रत्येक वळणापाशीं एक जण उभा असतो. गाडी निसटली कीं ती उचलून ज्याची त्या खांचेंत पुन्हां ठेवणें हें त्याचें काम; तो जितका चपळ तितकें पडलेल्याचें नुकसान कमी. या कामाला वेगळा माणूस नेमीत नाहींत. जे नुकतेच धांवून आले, जिंकले किंवा हरले, तेच पुढच्या फेरीला वळणावर जाऊन उभे राहतात, आणि ज्यांच्याकडून हरले त्यांची पडलेली गाडी उचलून वाटेला लावतात.